गाजरगवत आणि सुमनवहिनीचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. ऐकून माझी घृणा वाटली तर वाटू द्या, ती रास्तच आहे.

गाजरगवताचा मला आजही संताप येतो. परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात. दुष्काळात रानं पडीक राहिली आणि पहिल्या सरींनंतर तिथं हेच माजलं — पारोळ्यापासून आमच्या गावापर्यंत. गुरंही तोंड लावत नव्हती. पण गवताला शिव्या घालणं सोपं असतं, नाही का? खऱ्या शिव्या कुणाला हव्यात, ते मला पक्कं ठाऊक आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, घरची कपाशीही बघायचो. निंदणीला चुलतघरातली विधवा सुमनवहिनी यायची. सगळ्यांत झपाट्याने चालायचे तिचे हात — उघडे हात. श्रावण लागेपर्यंत ते सुजले, काळे पडले, भेगाळले. पापण्याही सुजल्या. गावाने ठरवून टाकलं — महारोग.

एका सकाळी ती माझ्या ओट्याशी आली. "भाऊ, तुम्ही शिकेल शेतस. सांगा ना, हाई काय शे?"

मला माहीत होतं हो! मीच वर्गात शिकवलं होतं — या गवताने कातडी जळते, उघड्या हातांनी उपटू नये, आणि ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एक वाक्य पुरलं असतं. पण मग बाकीच्या बाया माझ्या रानात आल्या असत्या का? अर्धी कपाशी निंदायची बाकी होती. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव.

त्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसली — श्रावणात बसवतात ती आमच्या खानदेशातली देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ भाऊबंदांतल्या बायका मिळून मळतात. वहिनी परातीजवळ बसली, तशी माझ्या आईने परात ओढून घेतली. "पीठले हात नको लावू," सगळ्यांदेखत. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. मी मान खाली घातली. नंतर रोट जेवलो — पोटभर.

ती एरंडोलला भावाकडे निघून गेली, पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बाया माझ्या कपाशीत उघड्या हातांनी गाजरगवत उपटत होत्या. मी छत्री धरून बांधावर उभा होतो, आणि कुणी हात खाजवू लागलं की दुसरीकडे बघत होतो.