टेलरचा चौकार

"गेला, गेला, गेला. हजरात, मंडळी, चेंडू गेला. बोरीचं शिवार ओलांडून गेला, जिंतूरच्या डोंगरात गेला, आता येलदरीच्या धरणात बुडाल्याबिगर थांबत न्हाई. चौकार. मंडळी, चौकार."

लिंबाच्या फांदीला बांधलेल्या भोंग्यातून टेलर ओरडत होता आणि भोंग्यासमोरची पानं टपाटप गळत होती. उन्हाळ्यात पानं तशीही गळतात, असं काही लोक म्हणतील. म्हणोत. त्या भोंग्याखाली टेबलाशी बसून मी इतकी वर्षं स्कोअर लिहितोय. पानं कशानं गळतात ते मला विचारा. मला वाढवून सांगायची सवय नाही. ती टेलरची. मी फक्त त्याच्या शेजारी बसतो.

आमच्या बोरीत ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की टेनिस बॉलची टुर्नामेंट भरते. त्याआधी भरवून उपयोग नाही, कारण निम्मी टीम कारखान्याच्या फडावर असते. माणसं येतात तोवर एप्रिल लागतो, आणि एप्रिलमध्ये आमच्या काळ्या रानाला अशा भेगा पडतात की मागे एका फिल्डरची चप्पल आत गेली ती पाथरीकडच्या एका विहिरीत सापडली. चुन्याची रेघ मारून बाउंड्री आखायची, लिंबाखाली टेबल मांडायचं, बक्षिसाचा बोकड खुंटीला बांधायचा, की झालं मैदान तयार.

तर त्या दिवशी सेमीफायनल. आमची बोरी आणि सेलूची टीम. शेवटचा चेंडू, जिंकायला तीन धावा. समोर आमचा डावखुरा. चार दिवसांपूर्वीच फडावरून परतलेला, कोयत्यानं हाताला घट्टे पडलेले. त्यानं बॅट अशी फिरवली की वाऱ्यानं माझ्या वहीची चार पानं उलटली. चेंडू लांब गेला. दोघं पळाले, एक धाव झाली, दुसरीसाठी वळून अर्ध्या खेळपट्टीपर्यंत आले, तेवढ्यात भोंग्यातून ते आलं. चौकार.

दोघं तिथंच थांबले. मधोमध. डावखुऱ्यानं जोडीदाराला मिठी मारली. हलगी सुरू झाली. कुणीतरी टोपी उडवली.

आणि चेंडू होता बाउंड्रीच्या दोन हात अलीकडे. भेगेच्या तोंडात अडकलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर, वाटीत उकडलेलं अंडं ठेवावं तसा. सेलूच्या फिल्डरनं तो सावकाश काढला, फुंकर मारून माती झटकली आणि फेकला. विकेटकीपरनं दांड्या उडवल्या. जिंतूरहून आलेल्या अंपायरनं बोट वर केलं. चौकार अंपायर देतो, भोंगा देत नाही, असं त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. बोरी एका धावेनं हरली.

भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तोही बंद झाला. टेलरनं माइक टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि कुणाकडं न बघता घरी निघून गेला.

आता हा टेलर कोण, ते सांगितलं पाहिजे. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे. वर्षातले तीनशे पंचावन्न दिवस हा माणूस बोलत नाही. तोंडात टाचण्या, कानावर खडू, गळ्यात टेप. गिऱ्हाइकानं विचारलं, "टेलर, पँट कधी?" तर हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवतो. कापडात सूतभर फरक होऊ देत नाही. त्यानं शिवलेल्या पँटीत जिल्ह्यातली निम्मी लग्नं लागली असतील, आणि एकाही नवरदेवाला मांडवात पट्टा वर ओढावा लागला नाही. असा माणूस. पण टुर्नामेंटचे आठ-दहा दिवस आले की तो टाचण्या डबीत ठेवतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि माइकसमोर बसतो. वर्षभर मापात राहिलेली सगळी जीभ मग मोकळी सुटते. एक धाव काढली तरी फलंदाज पंढरी गाठून आल्यासारखा वाटतो. झेल सुटला तर टेलर चेंडूची समजूत काढतो. मैदानावर धूळ इतकी की खेळणाऱ्यांनासुद्धा पलीकडचं दिसत नाही. तेही भोंगा ऐकूनच खेळतात. ही आमच्याकडची रीतच आहे.

त्याच्या बायकोचं यावर एक ठरलेलं बोलणं आहे. ती गच्चीवर गहू निवडत कॉमेंट्री ऐकते आणि शेजारणीला म्हणते, "घरात मीठ कमी हाय का जास्त हे सांगायला याला तोंड न्हाई. अन् गावाला बघा, चेंडू डोंगरात पाठवायलाय." पण त्या आठ दिवसांत तिच्या गव्हात एक खडा राहत नाही, कारण ती गच्चीवरून खालीच येत नाही.

त्या संध्याकाळी कमिटी बसली. कमिटीचा अध्यक्ष म्हणजे आमचा खत-बियाण्याचा दुकानदार. बोलताना प्रत्येक गोष्टीची मुदत संपलेली आहे का ते बघतो. तो म्हणाला, "टेलरमुळं गाव हरलं. फायनलला माइक दुसऱ्याला. खरं बोलणारा पाहिजे."

"खरं बोलणारा कोण हाय आपल्यात?" मी विचारलं.

सगळे विचारात पडले. शेवटी हायस्कूलच्या गणिताच्या सरांचं नाव निघालं.

मी टेलरला सांगायला गेलो. तो मशीनवर होता. मी म्हणालो, "टेलर, उद्या माइक सरांकडं दिलाय." त्यानं मान हलवली. मशीन चालू ठेवलं. मी जरा वेळ उभा राहिलो आणि मग बघितलं, मशीनमध्ये कापडच नव्हतं. सुई नुसती वरखाली होत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाकडं वर्षभरात स्वतःचं असं एवढंच आहे, आणि ते आज गेलं.

दुसऱ्या दिवशी फायनल. सेलू आणि पाथरी. सर वेळेवर आले, माइक रुमालानं पुसला आणि सुरू झाले.

"चेंडू टाकण्यात आला. फलंदाजाने तो अडवला. धाव नाही. पुढील चेंडू टाकण्यात आला. फलंदाजाने तो अडवला. धाव नाही."

शब्दन् शब्द खरा. दुसऱ्या ओव्हरला भज्यांच्या गाड्यावरची गर्दी हलली. तिसऱ्या ओव्हरला हलगीवाल्यानं हलगी उशाला घेतली. चौथ्या ओव्हरला बोकड बसला आणि डोळे मिटून घेतले. पाथरीच्या एका पोरानं खरोखरचा षटकार मारला, गेल्या कैक वर्षांत इतका मोठा मी पाहिला नव्हता. सर म्हणाले, "सहा धावा." त्या पोरानं वळून भोंग्याकडं असं बघितलं, जणू त्याला जेवायला बोलवून ताट दाखवून परत पाठवलं असावं.

भजीवाला टेबलापाशी आला. "सर, चेंडू थोडा लांब न्या की."

"तो लांब गेलेला नाही," सर म्हणाले. आणि तेही माइकमधून.

गच्चीवरून टेलरची बायको शेजारणीला ओरडून म्हणाली, "हे काय, भाजीचे भाव सांगायलेत का?" ते मैदानापर्यंत ऐकू आलं. बिनभोंग्याचं. मग ती खाली निघून गेली. तिच्या मागं इतर गच्च्याही रिकाम्या झाल्या.

अध्यक्ष माझ्याजवळ सरकला. "जरा जाऊन बघ टेलर काय करायलाय."

मी पळालो. म्हणजे चाललो, पण माझ्या चालण्याचा वेग गावाला माहीत आहे. टेलर दुकानात होता. मी म्हणालो, "चला. अध्यक्षांनी बोलावलंय."

त्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग बोलला. दुकानात तो बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "ज्याला मी आउट केलं, तो आला तरच."

डावखुरा त्याच्या घरासमोर दोरीच्या बाजेवर बसून चहा पीत होता. बायको भिंतीला टेकून बसली होती. मुकादमाच्या हिशोबात नवराबायको दोघांचा मिळून एक कोयता, सहा महिने दोघांनी बरोबरच ऊस तोडलेला. मला वाटलं होतं शिव्या ऐकाव्या लागतील. मी चाचरत सांगितलं. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि चप्पल शोधू लागला.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"टेलरकडं. मॅच आळणी व्हायलीय म्हणं."

"मग फोन घिऊन जा," ती म्हणाली.

दुकानात आल्यावर डावखुरा सरळ मशीनपाशी गेला. त्यानं फोन काढला, काच तडकलेली, आणि टेलरच्या मशीनवर ठेवून एक बटण दाबलं. टेलरचाच आवाज आला. मागच्या वर्षीचा. "हजरात, चेंडू वर गेला. ढगानं इचारलं, कुठनं आलात पाव्हणं. चेंडू म्हणला, बोरीहून आलोय, डावखुऱ्यानं धाडलंय, खाली यायची घाई न्हाई. षटकार, मंडळी, षटकार."

टेलर खाली बघत होता.

"रोज लावायचो फडावर," डावखुरा म्हणाला. "पाचटाच्या कोपीत लाईट न्हाई. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्जिंग करायचं. ही म्हणायची, बॅटरी थोडीच हाय, पण एकदा लावा. मोळ्या बांधताना आमच्या शेजारच्या कोप्यांतले लोक यायचे ऐकायला. बीडचे, जालन्याचे. माझा षटकार समद्या फडाला पाठ हाय. चला आता. कामून बसलात?"

टेलरनं इस्त्रीचा शर्ट घातला. त्याला बटणं लावता येईनात. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना बटणं लावली त्याची ही गत. शेवटी डावखुऱ्यानं लावून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा सेलूला शेवटच्या तीन ओव्हर उरल्या होत्या. सरांनी माइक आनंदानं दिला. त्यांचा घसा बसला होता, खरं बोलण्यानंच बसला असणार. टेलरनं माइक हातात घेतला आणि आधी मैदान नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "हजरात. काल एक चेंडू भेगेत पडला. माणसानं पुढं बघून बोलावं. आता बघून बोलतो." आणि पुढच्याच चेंडूला जी एक साधी धाव निघाली, ती त्यानं सेलूच्या स्टेशनात रेल्वे यावी तशी आणली, शिट्टी वाजली, हमाल धावले, पाव्हण्यांनी डबे उतरवले. बोकड उठून उभा राहिला. गच्च्या भरल्या. हलगीवाल्यानं हलगी उशाखालून काढली. फायनल पाथरीनं जिंकली, पण त्या दिवशी मैदानावरून हरलेला असा कुणीच गेला नाही. सेलूवाले तर आमच्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते.

मी हे नेहमी सांगतो आणि लोक म्हणतात, तुम्ही वाढवून सांगता. मी काय वाढवणार? मोठी करमणूक आमच्या वाट्याला फार येत नाही. माणसं सहा महिने परमुलखात राबतात, उरलेले सहा महिने रानात. त्यांनी मारलेला एक फटका टेलर ढगापर्यंत नेतो आणि वर्षभर तिथंच ठेवतो. हे काम कुठल्याही खात्यात मोडत नाही. ते करणारा माणूस गावात असावा लागतो, आणि आमच्या गावात आहे.

सामना संपल्यावर आम्ही तिघं भज्यांच्या गाड्यापाशी उभे होतो. टेलर पुन्हा गप्प झाला होता. त्याचा वर्षाचा कोटा बहुतेक संपला होता. तरी त्याच्या मनात काहीतरी खुपत होतं. त्यानं चहा फुंकला, एकदा डावखुऱ्याकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "काल तू पळायचा थांबलास. तुला चेंडू दिसला न्हाई का, भेगेत अडकलेला?"

डावखुऱ्यानं भजी मोडून मिरची बाजूला काढली.

"दिसला की," तो म्हणाला. "पण तुमी चौकार म्हणलात."