बायकांकडचे फोटो

अठरा-वीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढले, पण एकाही नवरदेवाचा फोटो माझ्या हातून निघाला नाही. मी आत असायचे, बायकांत. बाहेर काय चाललंय ते मला बँडच्या आवाजावरून कळायचं.

आमचा स्टुडिओ रत्नागिरीत, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. स्टुडिओ नवऱ्याचा, मी त्याच्याकडूनच शिकले. खाडीकडच्या मोहल्ल्यांतली मुसलमान घरं आम्हाला हमखास बोलवायची, त्याचं कारण एकच. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही, आणि सबंध गावात बाई फोटोग्राफर मी एकटी. त्यामुळे बाहेर तो, आत मी. मोहल्ल्यात मला नाव नव्हतंच, फोटोवाली भाभी एवढंच.

आतले रोल आम्ही गावातल्या लॅबला कधी दिले नाहीत. तिथले सगळे ओळखीचे, उद्या बाजारात कुणीतरी म्हणायचं, अमक्याची सून पाहिली हो! म्हणून ते रोल एसटीने कोल्हापूरला जायचे. कोल्हापूरच्या लॅबवाल्याला कोण कुणाची सून ते काय ठाऊक? फोटो आले की मी ते टेबलावर लावायला बसायचे आणि नवरा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा. खरंच सांगते, बारा वर्षांच्या संसारात त्याने मान वळवली नाही. 'हिरवी ओढणी आधी का नंतर?' असं मी विचारायचे आणि तो भिंतीला उत्तर द्यायचा. मग फोटो आणि निगेटिव्ह घेऊन मी त्या घरी जायची. घरातल्या मोठ्या बाईसमोर निगेटिव्हच्या पट्ट्या एकेक करून मोजायची आणि सगळ्या तिच्या हातात ठेवायची. आमच्याकडे एक पट्टी मागे राहायची नाही. आमच्या धंद्याची सगळी अब्रू त्या पट्ट्यांत होती.

अठ्ठ्याण्णव साली नवरा गेला. सकाळी चहा प्यायला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा यायच्या आत संपलं. बाहेरच्या बाजूचं काम दुसऱ्या फोटोग्राफरांकडे गेलं. आतलं माझंच राहिलं. लग्नघरात चाळीस बायका, एकीचं हसणं संपत नाही तोवर दुसरीचं सुरू, कुणी मला सांदण भरवतेय, कुणी केसात गजरा खोचतेय. विधवेच्या केसात गजरा! मी नको म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. आणि घरी येऊन कुलूप उघडलं की आत काही म्हणजे काही आवाज नाही. मी मग मुद्दाम भांडी आपटायची. फोटो टेबलावर लावताना एखादीबद्दल बोलावंसं वाटायचं, पण बोलणार कुणाशी? भिंत तेवढी होती. त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मग हे डिजिटल आलं. आखातातून सुट्टीवर येणारे भाऊ, दीर छोटे कॅमेरे घेऊन यायला लागले आणि बायका मला विचारायला लागल्या, 'भाभी, तुमचा डिजिटल ना?' मी फटकन म्हणायची, 'माझा रोलचा आहे, माणसांचा!' पण तोऱ्यावर किती दिवस काढणार? कोल्हापूरचा लॅबवालाही म्हणाला, ताई, रोल आता कमी येतात, मशीन आठवड्यातून एकदाच चालवतो. शेवटी घेतला. कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस चार दिवस येऊन शिकवत होता आणि मी चारही दिवस त्याच्यावर खेकसत होते. बिचारा गरीब स्वभावाचा, म्हणून टिकला.

सवय मात्र मला वाईट लागली. रोलमध्ये फोटो छत्तीस. बटण दाबायच्या आधी बाईकडे नीट बघावं लागायचं. ती बोलतेय का, डोळे मिटतेय का, पदर सरकलाय का, सगळं डोळ्यांनी आधी टिपायचं आणि मग कॅमेऱ्याने. लग्न होऊन महिना झाला तरी कुठल्या रोलमध्ये कोण कशी बसली होती ते मी न बघता सांगायची. डिजिटलमध्ये काय, दाब बटण आणि बघ पडद्यावर. बाई समोर, आणि माझी मान खाली. आवडला नाही, पुन्हा दाब. तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं होतं.

त्याच सुमाराला मोहल्ल्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा आखातात नोकरीला, लग्नानंतर पंधरा दिवसांत तिला घेऊन जाणार. घरी एकटी आई. आईची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, चेहरा सुजलेला, चार पावलं चालली की बसायची. या बाईने आयुष्यात हौसेने फोटो काढून घेतला नव्हता. निवडणूक कार्डावरचा काळा ठिपका सोडला तर तिचा फोटोच नव्हता. लग्नाआधी मी काम ठरवायला गेले तेव्हा तिने मला जवळ बसवलं.

'या वेळी माझेपण काढ गो,' ती म्हणाली. 'पोर लांब चालली. मी काय तिथवर जाते? फोटो तरी जाऊंदे.' मग जरा थांबून विचारलं, 'निगेटिव्ह आम्हालाच ना?'

मी म्हटलं, 'यात निगेटिव्ह नसते.'

'मग फोटो राहतो कुठं?'

मी तिला कार्ड दाखवलं. नखाएवढं ते कार्ड तिने उलटसुलट करून बघितलं. तिचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता. तिने स्पष्टच विचारलं, 'म्हणजे तुझ्या मशीनमधी आम्ही राहणार?'

'नाही राहणार,' मी म्हटलं. 'सीडी करून देईन आणि तुमच्या मुलीच्या देखत माझ्याकडचं सगळं पुसेन. तो माझा शब्द.'

तिचा जीव भांड्यात पडला. माझाही. पट्ट्या मोजून द्यायच्या त्याऐवजी हे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मला वाटलं, चला, नवऱ्याने घालून दिलेली रीत आपण मोडली नाही.

लग्न छान झालं. मी चारशेच्या वर फोटो काढले. दोन दिवसांनी नवरी स्वतः बुरख्यात स्टुडिओत आली. मी सीडी केली, तिच्या हातात दिली. मग तिला शेजारी बसवून कार्ड पुसलं, कॉम्प्युटरमधला फोल्डर पुसला, त्यातली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. 'बघ, काही नाही ना?' ती हसली, 'काही नाही, भाभी.' एकच सीडी. छापील फोटो ती दोघं तिकडेच काढून घेणार होती. दुसरी करायचं मनात आलं होतं, पण दुसरी म्हणजे शब्द मोडणं. आणि पहिली उघडून बघायचं? ते मला सुचलंच नाही. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली की दिसते, तशी सीडी दिसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्या मठ्ठपणाबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

आठेक महिन्यांनी दुपारी ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, 'अगो, कधी आलीस?' तर तिने बुरखा वर केला, आणि चेहरा बघूनच मी उठले. आई गेली होती. ती दफनानंतर दोन दिवसांनी पोचली होती.

'भाभी, ती सीडी तिकडं चाललीच नाही,' ती म्हणाली. 'नावं दिसतात, फोटो एक पण उघडत नाही. मी म्हटलं, आमचा कॉम्प्युटर खराब असेल. सुट्टीत गेल्यावर भाभीकडून घेऊ. तुमच्याकडं असेल ना? सगळे नकोत. अम्मीचा एक द्या.'

तिच्या देखत पुसलं होतं मी! तिला आठवत होतं ते, तरी ती विचारत होती. तिला वाटलं असणार, फोटोवाली भाभी तोंडाने म्हणते तसं, पण कुठेतरी एखादा ठेवत असेलच. सगळेच ठेवतात. मी ठेवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण जरा लबाड असतो तर बरं झालं असतं.

तरी मी सीडी लावून बघितली. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्याने चार तास खटपट केली. कार्डावर त्यानंतर सहा लग्नं झाली होती, त्यातून काय निघणार? फोटोंची नावं तेवढी ओळीने दिसत होती, चारशे बारा नावं. तो माझ्याकडे न बघताच पिशवी आवरून गेला. मुलगी संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल, मला बोलेल, असं मला वाटलं होतं. बोलायलाच हवं होतं तिने. ती बाकावर बसली आणि म्हणाली, 'भाभी, तुम्ही तर बघितलंत तिला. कशी दिसत होती?'

'तू होतीस की तिथं,' मी म्हटलं.

'माझी मान खाली होती. डोक्यावरनं ओढणी, मला नुसते पाय दिसत होते लोकांचे. त्या दिवशी अम्मीला मी बघितलंच नाही.'

मी आठवायला लागले. रोलच्या काळातली बाई असती तर कानातल्यासकट सांगितली असती. हिचं काही येईना. ओढणी कुठल्या रंगाची? कुठे बसली होती? मला कॅमेऱ्याच्या मागचा तो चौकोनी पडदा आठवत होता आणि त्यात बारीक बारीक बायका. मला लाज वाटली. खोटं सांगावं असंही एकदा वाटलं, हिरवा शालू होता म्हणून. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की खोटं येईना.

आणि मग एक आठवलं. फोटोतलं नाही, फोटो काढून झाल्यावरचं. आईने हात पुढे करून मला म्हटलं होतं, 'दाखव बघू.' मी कॅमेरा तिच्या हातात दिला. चष्मा नव्हता, म्हणून तिने कॅमेरा लांब धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. तेवढा वेळ मी पुढचं काही करायला मोकळी नव्हते, कॅमेराच तिच्याकडे होता. म्हणून मी तिच्याकडे बघत उभी राहिले.

'ती म्हणाली, ही मी होय?' मी मुलीला सांगितलं. 'म्हणाली, म्हातारी झाले की गो मी. आणि तोंडावर ओढणी धरून हसली. मग परत बघितलं आणि म्हणाली, पण आज बरी दिसते.'

'असं म्हणाली?'

'असंच म्हणाली.'

'आज बरी दिसते,' मुलीने स्वतःशीच म्हणून बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग डोळे पुसून, गोष्ट ऐकायला सरसावून बसावं तशी ती पुढे सरकून बसली.

'आणखी?'

त्या बाईवर मी चाळीस वेळा तरी बटण दाबलं असेल.

'आणखी काही नाही गो,' मी म्हटलं. 'तेवढंच बघितलं मी.'

तिने मान हलवली. पण ती उठली नाही. मगरिबची अजान झाली, समोरच्या दुकानात दिवे लागले, तरी ती तिथेच बसून होती, मी आणखी काही सांगेन म्हणून.