लेकीचा वाढदिवस कैनाडला

नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला अननसाचाच केक आला. तिला तो आवडत नसे. पण तिच्याहून तीन वर्षांनी मोठा असलेला तिचा भाऊ केक म्हणजे पिवळाच असं धरून चालायचा, आणि त्याच्या डोक्यात एकदा बसलेलं काही हलवायची आमची ताकद नव्हती.

तो चार वर्षांचा असताना वापीच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. त्याआधी आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तो कान दाबून टेबलाखाली शिरायचा आणि माझे सासरे म्हणायचे, "लाडावून ठेवलंय पोराला." डॉक्टरांचं ऐकून आम्ही टाळ्या बंद केल्या. मग फुगे बंद झाले, कारण एखादा फुटला की पुढचे दोन दिवस तो त्या खोलीत पाऊल टाकत नसे. त्याला ओवाळताना कपाळाला बोट लावलेलं खपत नसे, म्हणून मी नुसतंच निरांजन फिरवायचे.

लेकीला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. दुसरीत एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली आणि तिने विचारलं, "आई, आपल्याकडे गाणं का नाही म्हणत?"

"दादाला त्रास होतो ना."

"मग माझ्या वाढदिवसाला बाबांना सांग ना, त्याला चिकूच्या वाडीत घेऊन बसा म्हणून."

मी तिला रागावले. सात वर्षांच्या मुलीला मी समजूतदारपणावर भाषण दिलं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

नवव्या वाढदिवसाला तिने चॉकलेटचा केक मागितला. नवऱ्याने डहाणूहून दोन आणले, एक तिचा आणि एक छोटा पिवळा. मुलाला आधी स्वयंपाकघरात बसवून पिवळा द्यायचा, तोवर बाहेर पटकन कापून घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. आजूबाजूच्या चिकूच्या वाड्यांमधल्या सातआठ मुली आल्या होत्या. मी तलासरीच्या शाळेत शिकवून नुकतीच परतले होते, साडीही बदलली नव्हती. घाईघाईत मी तो तपकिरी केक नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या जागी ठेवला. लेकीने सुरी हातात घेतली आणि मुलगा बाहेर आला.

त्याने केककडे पाहिलं. मग तो जमिनीवर बसला आणि डोकं फरशीवर आपटू लागला. नवऱ्याने धावत जाऊन त्याच्या डोक्याखाली हात घातला, तर तो हात त्याने चावला. मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकीची आई म्हणाली, "चला ग, नंतर येऊ आपण," आणि सगळ्यांना घेऊन गेली. त्यांच्या परीने ते बरोबरच होतं.

लेक रडली नाही. तिने वेफर्सच्या भरलेल्या प्लेटा एकेक करून पुन्हा पिशवीत ओतल्या. केक तिने कापला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो वाडीत फळं तोडायला येणाऱ्या बायकांना वाटला.

पुढच्या वर्षी महिनाभर आधीच ती म्हणाली, "माझा वाढदिवस कैनाडला आत्याकडे करायचा." मग खाली बघत म्हणाली, "दादाला नको आणूस."

नवरा मुलाजवळ घरी थांबला आणि मी तिला डहाणूजवळच्या कैनाड गावी, नणंदेकडे घेऊन गेले. नणंदेने अंगणात पताका लावल्या होत्या, शेजारची मुलं गोळा केली होती. केक कापताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जोरात, आणि मी दचकून दाराकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. वळून बघितलं तर लेक माझ्याकडेच बघत होती. तिचं हसू तोंडावरच थांबलं होतं.

तेव्हापासून तेच चालू राहिलं. वाढदिवस कैनाडला, मग दिवाळीचे चार दिवस कैनाडला, मग मे महिन्याची अख्खी सुट्टी. मुलगा तिच्याबद्दल विचारत नाही. तिला तेही टोचतं, हे मला एकदाच कळलं. परत आल्यावर चपला काढता काढता तिने विचारलं, "त्याने माझं नाव घेतलं का?" मी हो म्हणाले. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आत गेली.

यंदा ती तेरा वर्षांची झाली. आदल्या संध्याकाळी मी माझी पिशवी भरत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी चालेल."

"का ग?"

"तू तिथे आलीस तरी सारखी बाबांना फोन करतेस. तू तिथे नसतेसच."

मी माझी पिशवी परत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी नवरा तिला गाडीवरून सोडून आला. आम्ही दोघं आणि मुलगा असे तिघं वरणभात जेवलो. रात्री नणंदेने फोटो पाठवले. त्यातली मुलगी खुशीत होती.

नातेवाईक म्हणतात, "काळजी कशाला करता? तुमच्यामागे बहीण आहे ना त्याला." पूर्वी मीही मान डोलवायचे. आता तिच्याशी हा विषय काढायचा मला धीर होत नाही. ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि तिला चूक म्हणायला माझ्याजवळ तोंड नाही.