डबडूची पाचवी ओळ

देवकीताईंचा डावा हात आमच्या टीव्ही केंद्रात सगळ्यांना ठाऊक होता. हजेरीपटावर सही उजव्या हाताने, रजेचा अर्ज उजव्या हाताने, पण डबडूचं पत्र लिहायचं म्हटलं की पेन डाव्या हातात. अक्षर वेडंवाकडं यायचं, आणि तेच हवं होतं. डबडू म्हणजे मुलांच्या कार्टूनमधला एक गंजका पत्र्याचा डबा. आमच्या सरकारी वाहिनीवर तेवीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला तो नदीतून तरंगत निघायचा आणि अलीकडच्यांचे निरोप पलीकडच्यांना पोहोचवायचा. मुंग्यांचा बेडकाला, बेडकाचा बगळ्याला. मुलं त्याला पोस्टकार्डं लिहायची आणि देवकीताई त्याच्या नावाने उत्तरं द्यायच्या.

मी सुमंत, तिथला संकलक. शेवटच्या नऊ वर्षांचे भाग माझ्याच हातून जोडले गेले.

देवकीताई मूळच्या उमरेडच्या, वडील हातमागावर बसायचे. नागपूरला आल्या त्या रोजंदारीवर, पत्रांची पोती फोडायला. इतवारीत एका खोलीत राहिल्या, लग्न केलं नाही, अख्खं आयुष्य त्या डब्याच्या नावावर काढलं. उत्तर चार ओळींचंच असावं असा नियम होता. त्या पाचवी ओळ घालायच्या. त्या ओळीत काय असतं ते आम्ही कोणी कधी वाचलं नाही. आम्ही आपले चेष्टा करायचो, "काय डबडूशेठ, आज डाक किती?" त्या हसून घ्यायच्या. मात्र "कार्टूनच तर आहे ताई" असं कोणी म्हटलं की दिवसभर त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

पुढे पोत्यांची पिशवी झाली, मग आठवड्याला पाच-सहा कार्डं उरली. गेल्या श्रावणात वरून आदेश आला, डबडू बंद. शेवटच्या भागात तो सगळ्यांना रामराम करतो, 'आता मी पलीकडेच राहणार, परत येणार नाही' म्हणतो आणि धुक्यात दिसेनासा होतो. आठवडाभर त्याची जाहिरात चालली. मला तो शेवट फार छान वाटला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

त्या रविवारी आम्ही पेढे आणून जमलो होतो. ताई दोन दिवस तापाने घरी होत्या, त्यामुळे आल्या आल्या टेबलावरची डाक बघायला गेल्या. दहाला दहा मिनिटं असताना त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात एक कार्ड होतं.

"सुमंत, हा भाग थांबव गा."

कार्ड नदीकाठच्या खाप्याचं होतं, हिमानी नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचं. 'डबडू, तू परत येणार नाही तर आईचे निरोप कोण आणेल? मी रविवारी तुला टीव्हीत बघून लगेच घाटावर येते. मला पण घेऊन चल. बॅग भरली आहे. आजोबांना सांगितलं नाही.'

"ताई, पोरं लिहितात काहीबाही," मी म्हटलं.

"तिची माय मेली, दोन वर्सं झाले. तिनं इचारलं होतं, माह्या आईले निरोप देशीन काय. मी लिवलं, दिला. आई नदीच्या पल्याड बरी आहे, तुही वाट पाहून राहिली."

"किती वेळा लिहिलं असं?"

"तिलेच अकरा कार्डं."

म्हणजे ही ती पाचवी ओळ. प्रक्षेपण कक्ष दोन दारं सोडून होता, ड्यूटीवर माझा मित्र विक्रम होता. मी सांगितलं असतं तर त्याने दुसरा एखादा भाग लावला असता. पण काय सांगणार, एक मुलगी डब्याबरोबर निघालीय म्हणून? सगळे हसतील याची मला भीती वाटली. पत्त्यावर आजोबांचं नाव होतं, फोन नंबर नव्हता. मी मोटरसायकलची किल्ली घेतली, ताईंना मागे बसवलं आणि हेच शहाणपणाचं असं स्वतःला समजावलं.

वाटेत पाटणसावंगीला एका हॉटेलात टीव्ही चालू होता. डबडू धुक्यात शिरत होता. माझ्या खांद्यावरचा ताईंचा हात घट्ट झाला.

खाप्यात पोहोचलो तेव्हा आठवडाभराच्या पावसाच्या झडीने कन्हान नदी भरून वाहत होती. पाण्याचा रंग चहासारखा होता आणि आवाज घाटाच्या खूप आधीपासून येत होता. काठावर माणूस नव्हतं. सगळ्यात खालच्या पायरीवर एक मुलगी उभी होती, नवा फ्रॉक, पाठीला शाळेची बॅग. चपला पाण्यात बुडाल्या होत्या.

"हिमानी, वर ये वं," ताईंनी हाक मारली.

"तुम्ही कोण?"

"डबडूकडून आली मी."

"मग तो कुठं आहे? आई थांबली असन." ती पाण्याकडे बघूनच बोलत होती.

मी पुढे झालो तशी ती एक पायरी उतरली. पाणी गुडघ्याला लागलं. मी तिथेच थांबलो.

ताई मात्र ओल्या पायरीवर बसल्या. पिशवीतून कोरं कार्ड काढलं, पेन डाव्या हातात धरलं, 'हिमानी, वर ये' एवढी एकच ओळ लिहिली आणि कार्ड तिच्याकडे धरलं. मुलीने मान वळवून वाचलं.

"हे त्याचं अक्षर आहे."

"माह्यं आहे. तो नव्हताच, बाई. सारे कार्डं मीच लिवले."

"अन् आईचे?"

"ते बी मीच." ताईंनी पेन खाली ठेवलं. "तुही आई पल्याड नाही वं. मी खोटं लिवलं."

मुलीने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग एकेक पायरी चढून वर आली. ताईंच्या शेजारी थांबून तिने विचारलं, "आईनं मले माफ केलं, हे बी तुम्हीच लिवलं?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली. मुलगी रडली नाही. चालायला लागली.

आम्ही तिच्यामागून घरापर्यंत गेलो, आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी नातीचा हात धरून आत नेलं आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परत येऊन गाडीजवळ ताई उभ्या राहिल्या, बसायला तयार होईनात. मी म्हटलं, "ताई, वाचली ना पोरगी. चला आता."

"मेलेल्या माणसाले निरोप देजो, असं लिवणारी ती एकटी नव्हती गा," त्या म्हणाल्या. "बापाले, भावाले, आजीले. मी साऱ्याइले तेच लिवलं."

"किती जणांना? कुठली गावं?"

"कसं सांगू? उत्तर टाकलं का कार्ड रद्दीत जाये."

तोच भाग चार वाजता पुन्हा दाखवायचा होता. मी विक्रमला फोन लावला. रिंग जात राहिली, त्याने उचलला नाही.