अण्णा, हरणी आणि तापलेली जीप

परवा अण्णांना आणायला धावड्याला गेले होते. अण्णा म्हणजे माझे वडील... आणि सोबत त्यांची गाय, हरणी. गायीशिवाय ते गाव सोडणार नव्हते, आणि गायीसकट तरी सोडतील की नाही याची मला खात्री नव्हती.

आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. हसनाबादला आमच्याकडे चला म्हणून मी विनवण्या केल्या, रागावले, एकदा तर अबोलासुद्धा धरून पाहिला. दर वेळी पेरणी, नाहीतर कुणाचं लग्न, नाहीतर हरणीचं काहीतरी निघायचं. या खेपेला मात्र स्वतःच फोन करून म्हणाले, "ये माय, गाडी घेऊन."

मी दुसऱ्याच दिवशी आमची जुनी डिझेल जीप काढली आणि मागे ट्रॉली जोडली. त्यांचं मन फिरायला काय वेळ लागतो...

आता एक सांगायलाच हवं. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. घर सोडून निघालं आणि वाटेत जनावर अडलं, तर माघारी फिरायचं, हा अण्णांचा पक्का नेम. लहानपणी बैल शिवेवर बसला म्हणून आमची अख्खी जत्रा बुडाली होती.

आणि जीपला ते जनावरच समजतात. येताजाता तिच्या बॉनेटवर थाप मारतात, ख्यालीखुशाली विचारतात. तेव्हा जीप अडून चालणार नव्हतं.

ट्रॉलीत हरणी चढली, कडबा चढला, पत्र्याची पेटी चढली आणि आईचं जातंही चढलं. जातं कशाला म्हणून मी विचारलंच नाही. घराला कुलूप लावून येईपर्यंत अण्णा पुढच्या सीटवर बसलेसुद्धा होते. मी मागच्या बाजूने येऊन स्टिअरिंगवर बसले आणि निघाले.

गाव सोडल्यावर एक चढ लागतो. फार लांब नाही, पण उभा आहे. मागे वजन ओढत चढताना डिझेल गाडी तापते, म्हणून आमच्या यांनी निघताना मला चार-चारदा बजावलं होतं... एसी बंद ठेव, चढ लागायच्या आधीच खालचा गिअर टाक, रेस एकसारखी दे. तरी तापमानाचा काटा चढलाच तर हीटर पूर्ण सोड, म्हणजे इंजिनचा ताप थोडा आत निघून येतो.

मी सगळं अगदी शहाण्या मुलीसारखं केलं. तरी काटा वर सरकायला लागला.

मग भर उन्हात हीटर सोडला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना... "हे गरम वारं कशाला सोडून राह्यली?" मी म्हटलं, गाडीला बरं असतं. बिचाऱ्यांनी उपरण्याने घाम पुसला.

माझा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. काटा त्यांना दिसू नये म्हणून हात मुद्दाम आडवा धरलेला. होते नव्हते तेवढे देव आठवून झाले... पण अर्ध्या चढावर काटा लालच्या जवळ गेला आणि थांबावंच लागलं.

गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले. इंजिन चालूच ठेवलं, कारण एकदम बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि ताप आणखी वाढतो. मग पुढे जाऊन पाहते तर काय... रेडिएटरच्या ऐन तोंडावर, जाळीला एक जाडजूड गोणपाट सुतळीने करकचून बांधलेलं.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. "सकाळी वलं करून म्याच बांधल्तं," ते म्हणाले. "वढणाऱ्याला ऊन लागतं, माय."

मला हसू आलं. सुतळी सोडता सोडता मी सांगितलं की हिला समोरून वारा लागतो, तो या गोणपाटाने अडला. त्यांचा चेहरा उतरला होता. ज्या रस्त्याने आलो, तिकडे बघत उभे राहिले.

मी समजले. आता म्हणणार, फिरव माघारी.

ते ट्रॉलीमागे गेले. फळी लावली, हरणीला चुचकारत खाली उतरवलं आणि दावं हातात घेतलं. झालं, मी मनात म्हटलं, निघाले घरी. गाव काही लांब नव्हतं.

अण्णांनी हरणीला रस्त्यावर घेतलं, वळवलं... आणि चढाच्या दिशेने चालायला लागले.

"वज्झं लई झालं तिला," माझ्याकडे न बघताच म्हणाले. "तू घे वर. आम्ही येतो पायी."

काटा खाली यायची वाट बघत मी जीपमध्ये बसून रडून घेतलं. मग हलक्या झालेल्या ट्रॉलीसकट जीप कुरकुर न करता वर चढली. वर लिंबाच्या सावलीत थांबले आणि आरशात बघत राहिले. पुढे अण्णा, मागे हरणी, दोघंही आपापल्या बेताने येत होते.

ते पोचल्यावर मी पाणी दिलं आणि न राहवून विचारलंच, की गाडी अडली तरी तुम्ही माघारी कसे नाही फिरलात.

"अडली कुठं? दमल्ती ती." दोन घोट पाणी पिऊन हळूच म्हणाले, "मी बी दमलो, माय... एकट्यानं."

इतके दिवस मी त्यांना न्यायला जात होते. परवा ते आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आले.