म्हशीचं गाणं आणि आप्पांच्या कानातलं मशीन

माझी पिठाची गिरणी आहे आणि मी गातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. सास्तूरच्या जवळच आमचं गाव आहे. तिथं गिरणी सुरू झाली की माझं गाणं सुरू होतं आणि वीज गेली की दोन्ही बंद पडतात. बायका दळणाचा डबा ठेवून बाकावर बसतात, मी तोंड उघडतो, त्या मान हलवतात. कित्येक वर्षं मला वाटायचं, ही दाद आहे. खरं तर गिरणीत नुसतं बोलायचं झालं तरी कानाला तोंड लावावं लागतं. मग माझं गाणं कुणाला ऐकू येणार होतं? त्या बिचाऱ्या 'होय, हे आमचंच दळण' एवढंच सांगत असाव्यात.

बायकोला मात्र ते ऐकू यायचं, कारण मी घरीही गातो. तिचं मत मी मनावर घेत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगाच?

खरी दाद मला एकाच माणसाची होती, ती आप्पांची. आप्पा गावातले जुने किराणा दुकानदार आणि महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले. दुकानात आणि चारचौघांत मराठी बोलायचे, घरात कन्नड. शिकवताना त्यांचे दोनच शब्द असायचे आणि दोन्ही कन्नड. हा सुधारेल असं ज्याच्याबद्दल वाटायचं त्याला ते म्हणायचे, "इन्नोम्मे", म्हणजे पुन्हा एकदा. ज्याच्यापुढं हात टेकले त्याला म्हणायचे, "साकू", म्हणजे पुरे. इन्नोम्मे मिळालेला माणूस तीच ओळ वीस वेळा म्हणून रडकुंडीला यायचा. साकू मिळालेला दुसऱ्या सोमवारपासून टाळ वाजवायचा. आमच्या मंडळात टाळकरी फार आहेत.

मी त्यांच्याकडं शिकायला गेलो तेव्हा त्यांचे कान पार गेले होते. त्याआधी जायची माझी छाती झाली नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. ते पेटीच्या लाकडावर हात ठेवायचे, माझ्या तोंडाकडं बघायचे आणि गाणं संपलं की म्हणायचे, "लई ब्येस!" सात वर्षं मी त्या 'लई ब्येस'वर जगलो. पण मनात एक खुपायचं. या माणसानं मला ना इन्नोम्मे दिलं, ना साकू. म्हणजे मी त्यांचा शिष्य होतो की नुसता सोबतीला येणारा, हेच मला कळत नव्हतं.

तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं, की आप्पांना कानाच्या मशीननं चांगलं ऐकू येईल. मी पैसे देतो असं पाटीवर लिहिलं तर त्यांनी मला दारातूनच परत लावलं.

"आयुष्यभर तराजू धरला म्या. फुकटचं घिऊ व्हय?"

त्यावर मला एक युक्ती सुचली. गाणी माझी, शब्द माझे, चाली माझ्या. ती रेकॉर्ड करायची, पेनड्राईव्हमध्ये भरून विकायची आणि येईल तो सगळा पैसा गावातल्या ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मशीनला द्यायचा. यादीत पहिलं नाव आप्पांचं. त्यांना सांगितलं, "ही तुमच्याच विद्येची कमाई हाय आप्पा, फुकटचं न्हाय." पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि मान हलवली.

गावाला वाटलं, माणूस किती परोपकारी. परोपकार होताच, नाही असं नाही. पण आत खोल कुठंतरी मला आप्पांनी एकदा तरी माझं गाणं कानांनी ऐकावं असं वाटत होतं. माझ्या सगळ्या पुण्याचं मूळ हेच होतं.

रेकॉर्डिंग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानवाल्यानं केलं. बाहेरचा आवाज नको म्हणून आम्ही सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत बसलो. म्हशीचं गाणं पहिलं होतं: 'म्हैस माझी गुणाची, न्हाय कुणाचं ऐकायची'. धूळ नाकात गेली आणि दुसऱ्या ओळीआधी मला सणसणीत शिंक आली. दुकानवाला म्हणाला, राहू द्या, जिवंत वाटतं. त्याचा परिणाम असा झाला, की पुढं ट्रॅक्टरवाले गाणं लावून शेताकडं निघायचे, शिंक ऐकू यायची आणि ते अपशकुन झाला म्हणून ट्रॅक्टर थांबवून पाच मिनिटं बसायचे. माझ्या गाण्यानं एका हंगामात किती पेरण्या उशिरा झाल्या हे देवाला माहीत.

पण तो नंतरचा भाग झाला. पहिल्या आठवड्यात दोनच पेनड्राईव्ह खपले. एक मी घेतला, दुसरा दुकानवाल्यानं लाजेखातर. तिसरा पुढच्या आठवड्यात माजी उपसरपंचांनी घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते गिरणीत येऊन उभे राहिले. मी मोटार बंद केली.

"माजं नाव कुठंय?"

"कशात?"

"गाण्यात. दान दिलंय न्हवं म्या?"

त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडं भजनात कुणी नोट पुढं केली की गाणारा आहे त्या ओळीत थांबतो, देणाऱ्याचं नाव गाव घेतो, 'यांच्याकडून' म्हणतो आणि मग देवाला जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा उचलतो. दान दिलं आणि नाव घेतलं नाही हा आमच्याकडं अपमान समजतात. मी पुन्हा सोयाबीनच्या पोत्यांत गेलो. पहिल्या ओळीनंतर थांबलो, माजी उपसरपंचांचं नाव घेतलं, पुढं गेलो आणि दुकानवाल्यानं जुनी शिंक होती तिथंच जोडून दिली.

मग मात्र पेनड्राईव्ह असे खपायला लागले की विचारू नका. पिठाला येणारा प्रत्येक माणूस नाव लिहून द्यायला लागला. कुणाला वडिलांच्या स्मरणार्थ हवं होतं, कुणाला ट्रॅक्टरच्या नंबरासकट. एकानं बैलजोडीच्या नावानं दोन घेतले. एक जण कानाशी येऊन म्हणाला, "माज्या भावकीतल्या त्या माणसाचं नाव माज्या मागनं घ्या. आन् जरा हळू घ्या." मी तेही केलं, कारण दानधर्माच्या कामात असं मन मोडून चालत नाही. दर पंधरा दिवसांनी नवी नावं घालून गाणं नव्यानं म्हणावं लागायचं. शेवटी अशी गत झाली, की पहिल्या ओळीत कुणाचं न ऐकणारी म्हैस दुसऱ्या ओळीत नदीवर पाण्याला लागेपर्यंत पंचवीस मिनिटं जायची.

बायको म्हणाली, "तुमच्या गाण्यात आता गाणंच न्हाय राहिलं. म्हणूनच खपतंय."

पावसाळा संपेपर्यंत पहिल्या मशीनपुरते पैसे जमले. सोमवारी सकाळी देवळात कार्यक्रम ठेवला. तिथं नवा घोळ झाला. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत, बाकांवर आहेत, अगदी घंटेवरही आहेत. मग मशीनवर का नकोत? माजी उपसरपंच पेंटरला घेऊनच आले होते. पेंटरनं ते काजूएवढं मशीन तळहातावर घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "ह्याच्यावर मंजी टिंब बसंल एक." अखेर मशीनच्या डबीवर 'समस्त ग्रामस्थ' एवढं रंगवायचं ठरलं आणि शांतता झाली.

बसवायला आलेल्या माणसानं मशीन आप्पांच्या कानात घातलं. आप्पा छताकडं बघायला लागले. वर पारवे घुमत होते. मग त्यांच्या बायकोनं, आव्वांनी, सवयीप्रमाणं कानाशी जाऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "ऐकू येतंय का?"

आप्पा दचकून मागं सरकले. "आता वरडू नगंस ग. हळू बोल."

आव्वांनी पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मोबाईलच्या दुकानवाल्याला खूण केली आणि त्यानं कर्ण्यावर म्हशीचं गाणं लावलं.

आप्पांनी पेटीवर हात ठेवला. पहिली ओळ झाली. मग नावं सुरू झाली, तेव्हा ते प्रत्येक नावाला मान डोलवत होते, हा आहे का अजून, तो आहे का अजून, असं विचारत होते. लोक खूश होते. पंचवीस मिनिटांनी शिंक आली. मग दुसरी ओळ आली आणि तिसरी आली. आप्पांनी पेटीवरचा हात उचलला, कर्ण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात एखाद्यानं खोटं नाणं दिल्यावर ते असेच त्याच्याकडं बघायचे.

"साकू," ते म्हणाले.

टाळकऱ्यांच्या रांगेत कुणीतरी मला बसायला जागा करून दिली. अगदी प्रेमानं, सरकून.

त्यानंतर मी गायचं बंद केलं. गिरणी नुसतीच चालायची. बायका विचारायच्या, "तब्येत बरी न्हाय का?" यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या मावशी येऊन चौकशी करून गेल्या, की मशीन मिळालं तर तुमचं गाणं ऐकावंच लागतं का. नाही म्हटल्यावर त्यांनी यादीतलं नाव तसंच ठेवलं. रात्री बायको कधी नव्हे ते म्हणाली, "म्हणा की एखादं." मी कुशीवर वळलो. सात वर्षांचं 'लई ब्येस' एका शब्दात वाहून गेलं होतं आणि तो शब्द ऐकायची सोय मीच गावभर नावं घेत फिरून केली होती.

आठवड्यानं आप्पा गिरणीत आले. हातात ज्वारीचा डबा होता. तो काट्यावर न ठेवताच म्हणाले, "मोटार लाव. आन् म्हण."

"नगं आप्पा. तुमी साकू म्हणलाव."

"त्या भोंग्याला म्हणलो. तू म्हण."

मी मोटार लावली, ज्वारी ओतली आणि घाबरत म्हशीची ओळ घेतली. आप्पांनी मशीनभोवती तळहाताची वाटी केली होती. ओळ संपली. त्यांनी बाजूच्या डब्यातले गहू ओतायला लावले. गव्हाला मोटार जास्त दबते, आवाज खाली उतरतो. मी पुन्हा ओळ घेतली. मग काही न सांगता त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. मी गातच होतो. पट्टा हळू होत गेला, मोटारीचा आवाज खाली खाली गेला आणि माझा आवाजही तिच्याबरोबर खाली गेला, विहिरीत बादली सोडावी तसा. पट्टा थांबला तेव्हा मी कुठं होतो हे मलाच कळेना.

आप्पा इतके हसले, की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला.

"आरं, तुजा सा मोटारीला बांधलाय! ज्वारीला येक सूर, गव्हाला दुसरा. पोत्याच्या खोलीत गिरणी न्हवती, मंग तू कशाला धरून गाणार?" त्यांनी डोळे पुसले. "पर मोटारीला सोडत न्हाईस. कान हाय तुला."

बाहेर दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी बटणाकडं हात नेला, तर आप्पांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे बंद."

त्यांनी स्वतः सा लावला, थरथरत्या आवाजात, कितीतरी वर्षांनी. मी त्याच्यावर म्हशीची ओळ घेतली आणि पहिल्याच शब्दाला घसरलो. गिरणीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेरच्या बायकांनी आज पहिल्यांदाच माझं गाणं ऐकलं आणि त्यातली एकही मान हलली नाही.

आप्पांनी मशीन कानात नीट बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "इन्नोम्मे."