प्रमुखांच्या दारावरचा हुकूम

बेलिफमामांच्या मुलीचं लग्न रविवारी होतं, आणि बुधवारी सकाळी कोर्टात त्यांच्या हाती जो हुकूम पडला, तो लग्न लावणाऱ्या धर्मप्रमुखांच्याच नावे होता.

हकीकत अशी. एका निपुत्रिक विधवेनं नवऱ्याचं घर शुक्रवारपर्यंत दिरांना सोडून द्यावं, असा निवाडा प्रमुखांच्या धर्मपीठानं दिला होता. बाई कोर्टात गेली. पुढच्या सुनावणीपर्यंत तिला कुणीही घराबाहेर काढू नये, असं न्यायाधीशांनी लिहून दिलं. ते प्रमुखांना बजावायचं काम मामांचं.

मामा तसे मऊ स्वभावाचे. कुणाच्या घरी जप्तीला गेले तरी आधी प्यायला पाणी मागत, म्हणजे घरच्यांना सावरायला वेळ मिळे. पण सव्वीस वर्षांत त्यांनी बजावणीचा एकही अहवाल खोटा लिहिला नव्हता. प्रमुखांसमोर मात्र ते आजवर मान खाली घालूनच उभे राहिले होते.

प्रार्थनागृहामागच्या खोलीत प्रमुख एकटेच होते.

"ये. रविवारची वेळ पक्की ना?"

"ती पक्की. पण आज कोर्टाकडून आलोय." मामांनी हुकूम पुढे केला.

प्रमुखांनी तो वाचला आणि टेबलावरून परत सरकवला. "देश सरकारनं खुशाल चालवावा. आमच्या माणसांची घरं धर्मानं चालतात."

"त्या बाईचं घर कुणी चालवायचं, हेच तर कोर्टानं सांगितलंय."

"तू धर्म मानतोस ना?"

"मानतो. म्हणून तर पाय लटपटतायत."

प्रमुख हसले. आवाज खाली आणून म्हणाले, "मग सोपं आहे. मी गावात नव्हतो असं लिही. सोमवारी ये, मी सही करतो. रविवारी लग्न आनंदात लावू."

सोमवारपर्यंत बाईचं सामान रस्त्यावर आलं असतं.

"आपण घेत नसाल, तर दाराला चिकटवावा लागेल."

"चिकटव. मुलीसाठी मग दुसरं दार बघ."

चिकटवायला दोन साक्षीदार लागतात. वाटेनं चाललेल्या पोस्टमननं मुकाट्यानं सही केली. समोरचा किल्लीवाला मात्र पेन धरून घुटमळला. "मामा, माझं दुकान यांच्याच जागेत आहे. उद्या माझं कुलूप बदललं, तर त्याचीही किल्ली मलाच करायला लावतील!" तरी त्यानं सही केली, आणि हुकूम दारावर लागला.

घरी बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

"आई, कचेरीत नोंदणी करूनही लग्न होतंच की," मुलगी म्हणाली.

"सरकार लग्न लावील गं, पण लग्नाला येईल कोण? आणि उद्या तुझ्या लेकरांना आपलं म्हणेल कोण?"

मामांनी फोन उचलला. बाहेरून कळण्याआधी व्याह्यांना आपणच सांगितलेलं बरं. झालं ते त्यांनी क्रमानं सांगितलं, प्रमुखांचा एक शब्दही गाळला नाही.

"सांगितलंत ते बरं केलंत," व्याही म्हणाले. "आमच्या मुलाचा जीव आहे हो तुमच्या लेकीवर. माझी स्वतःची काही हरकत नाही. पण... विचारून कळवतो."

"कुणाला विचारून?"

पलीकडे फोन ठेवला गेला. मुलगी समोर येऊन उभी राहिली होती. मामांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.